वर्गशिक्षकपदाचे पहिले वर्ष : मुलांच्या नैतिक, सामाजिक आणि सांस्कृतिक जडणघडणीसाठी नव्या शिक्षकाने काय करावे

माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती पहिल्याच आठवड्यात हजेरीपट, वेळापत्रक आणि बहुधा आठवी किंवा नववीच्या एखाद्या तुकडीचे वर्गशिक्षकपद येते. विषय कसा शिकवावा याची थोडीफार तयारी बी.एड.मध्ये झालेली असते. परंतु पन्नास-साठ मुलांची माणूस म्हणून जडणघडण करायची म्हणजे सोमवारी सकाळी वर्गात जाऊन नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. मग परिपाठातला सुविचार, जयंती-पुण्यतिथीचे भाषण आणि चूक झाली की उपदेश, एवढ्यावर मूल्यशिक्षण आटोपते. माझा अनेक वर्षांचा अनुभव असा आहे, की मुले आपल्या बोलण्यापेक्षा वर्गातल्या व्यवस्थेकडून अधिक शिकतात. कोण कोणाशेजारी बसते, झाडू कोणाच्या हातात असतो, कोणाचे बोलणे ऐकले जाते आणि चुकलेल्याचे पुढे काय होते, हे ती रोज पाहत असतात. म्हणून नव्या शिक्षकाने आधी व्यवस्था लावावी आणि बोलणे त्यानंतर ठेवावे. पुढील क्रम जूनपासून एप्रिलपर्यंतच्या शालेय वर्षाला धरून दिला आहे.

पहिले दोन आठवडे : मुले ओळखणे

एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान द्यावे. त्या पानावर गुण लिहू नयेत. मूल शाळेत किती लांबून आणि कशाने येते, घरी कोणती बोली बोलते, शाळेआधी आणि शाळेनंतर कोणते काम करते, त्याला काय चांगले जमते आणि मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर असते, एवढ्या पाच गोष्टी पंधरा दिवसांत कळल्या पाहिजेत. शेवटची गोष्ट विचारून कळत नाही. ती पाहावी लागते. मधल्या सुट्टीत शिक्षककक्षात न जाता आठवड्यातून दोन वेळा व्हरांड्यात उभे राहावे, म्हणजे एकटा डबा खाणारा मुलगा आणि पाण्याच्या टाकीजवळ सुट्टी संपेपर्यंत रेंगाळणारी मुलगी दिसू लागते. मुलांना नावाने हाक मारावी. आडनावाने हाक मारण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, परंतु आडनावात गावाला जात ऐकू येते.

याच काळात कार्यालयाकडून शिष्यवृत्तीच्या याद्या आणि अर्ज येतात आणि येथे नवा शिक्षक नकळत मोठी चूक करतो. वेळ वाचावा म्हणून तो वर्गात उभा राहून प्रवर्गाचे नाव घेतो आणि "या प्रवर्गातील मुलांनी उभे राहा" असे सांगतो. त्या एका मिनिटात संपूर्ण वर्गाला कोणाची जात काय हे कळते आणि समतेवर नंतर कितीही बोलले तरी ते मिनिट पुसले जात नाही. अर्जांची माहिती सर्व मुलांना एकत्र द्यावी, यादीतील मुलांना आपापल्या कागदपत्रांविषयी एकेकट्याने बोलवावे आणि जातीच्या दाखल्याची प्रत टेबलावर उघडी ठेवू नये. या कामाला एकाऐवजी चार दिवस लागतील; ते द्यावेत.

बैठक आणि कामाच्या पाळ्या

बैठकव्यवस्था मुलांवर सोडली की वर्ग गावासारखा बसतो, म्हणजे वस्तीप्रमाणे, नात्याप्रमाणे आणि गुणांप्रमाणे. दर पंधरा दिवसांनी बाक बदलण्याचा तक्ता करून भिंतीवर लावावा. पहिल्या दोन फेऱ्यांत कुरकुर होते, पालकांचाही एखादा निरोप येतो. तिसऱ्या फेरीला मुलांना त्याचे काही वाटेनासे होते. ज्याला डोळ्यांची किंवा कानांची अडचण आहे त्याला पुढचा बाक कायम द्यावा आणि त्यामागचे कारण मात्र वर्गात जाहीर करू नये.

वर्ग झाडणे, फळा पुसणे, पाण्याची घागर भरणे आणि बाक उचलणे ही कामे हजेरी क्रमांकानुसार सर्वांना यावीत. पुष्कळ शाळांत झाडू मुलींच्या हाती आणि बाक मुलांच्या हाती जातात, आणि त्याच भिंतीवर "स्त्री-पुरुष समानता" असा तक्ता टांगलेला असतो. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतः झाडू घेऊन पहिल्या पाळीबरोबर वर्ग झाडावा. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत पोषण आहार मिळतो. तेथे वाढण्याचे काम पाळीने द्यावे आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी त्याच पंगतीत, त्याच ताटात जेवावे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांना एकत्र राहायला, स्वयंपाक करायला आणि एका पंगतीत जेवायला लावले. त्या मुलांना समता शिकवण्यासाठी वेगळा तास नव्हता. भाकरी कोणी थापली हे न विचारता ती खाणे हाच तो तास होता. नव्या शिक्षकाजवळ वसतिगृह नसते, पण पाण्याची घागर आणि पोषण आहाराची पंगत असते, आणि तेवढे पुरेसे आहे.

परिपाठाचा उपयोग

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा असा क्रम सर्वत्र आढळतो. तो मोडण्याची गरज नाही, फक्त त्यातील एक घटक दर आठवड्याला जिवंत करावा. दिनविशेष त्यासाठी सर्वांत सोपा आहे. उदाहरणार्थ, ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९०० साली त्या दिवशी भीमराव आंबेडकर यांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. हे वाक्य वाचून दाखवले तर मुले ते विसरतात. त्याऐवजी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली शालेय जीवनातील आठवण सांगावी : त्यांना वर्गात बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे आणि संध्याकाळी परत न्यावा लागे, कारण शाळेतील नोकर त्याला हात लावत नसे, आणि तहान लागली तरी शिपाई नळ उघडून देईपर्यंत पाणी मिळत नसे. एवढे सांगून थांबावे आणि मुलांना एकच प्रश्न द्यावा की आपल्या वर्गात आज कोणाला वेगळे बसावे लागते का. उत्तर तोंडी मागू नये. चिठ्ठीवर, नाव न लिहिता मागावे. पहिल्या वर्षी बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या येतील, पण तीन-चार चिठ्ठ्यांवर जे लिहिलेले असेल त्यावरून पुढच्या महिन्याचा बाकांचा तक्ता बदलावा.

हाच नेम ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीस, २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीस आणि २६ नोव्हेंबरला संविधान दिनी ठेवता येतो. उद्देशिका मुलांना तोंडपाठ असते. संविधान दिनाच्या आठवड्यात तिच्यातील "बंधुता" हा एकच शब्द घ्यावा आणि आपल्या वर्गात बंधुता मोडली असा एखादा प्रसंग मुलांकडून लिहून घ्यावा.

मंत्रिमंडळ आणि वर्गाचे नियम

वर्गाचे नियम शिक्षकाने लिहून आणू नयेत. जूनच्या अखेरीस एक तास देऊन मुलांकडून पाचच नियम करून घ्यावेत आणि ते शिक्षकालाही लागू ठेवावेत. वर्गात भ्रमणध्वनी वापरायचा नाही असे ठरले असेल तर शिक्षकाचाही तासाला कपाटात जावा. वर्गमंत्र्याची निवड गुप्त मतदानाने व्हावी, मुदत तीन महिन्यांची असावी आणि एकदा मंत्री झालेल्याने त्या वर्षी पुन्हा उभे राहू नये. बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार वर्गमंत्र्याला देऊ नये. त्या अधिकारातून मैत्रीचा आणि वैराचा बाजार सुरू होतो, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे.

चूक झाल्यावर

या विषयाची खरी कसोटी येथे लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या पहिल्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलीने सहलीसाठी आणलेले दोनशे रुपये मधल्या सुट्टीत नाहीसे झाले. मी दार लावून घेतले आणि एकेकाला पुढे बोलावून सर्वांची दप्तरे टेबलावर रिकामी करायला लावली. पैसे मिळाले नाहीत. मागच्या बाकावरील एका मुलाच्या दप्तरातून मात्र एक स्टीलचा डबा निघाला आणि त्यात पोषण आहाराचा भात आणि वरण दाबून भरलेले होते. तो डबा तो रोज घरी, अजून शाळेत न जाणाऱ्या धाकट्या बहिणीसाठी नेत होता. वर्ग हसला. त्या मुलाने काही न बोलता डब्याचे झाकण लावले, ते नीट बसेना म्हणून पुन्हा काढून लावले, आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस तो शाळेत आला नाही. दोनशे रुपयांच्या शोधात मी त्या मुलाचे जे नेले, ते परत करण्याचा कोणताही मार्ग मला आजवर सापडलेला नाही.

तेव्हापासून मी जो क्रम पाळतो तो असा. ज्याची वस्तू गेली त्याच्याशी प्रथम एकट्याने बोलावे आणि वस्तू खरोखर शाळेत आली होती का, कोठे ठेवली होती, हे शांतपणे विचारावे; निम्म्या वेळा ती घरीच राहिलेली असते. नंतर वर्गाला एवढेच सांगावे की अमुक वस्तू हरवली आहे, ज्याला ती सापडली असेल त्याने उद्या शाळा सुटेपर्यंत ग्रंथालयातील ठरावीक कपाटात ठेवावी, आणि ती कोणी ठेवली हे विचारले जाणार नाही. दिलेला शब्द पाळावा. वस्तू परत आली तर विषय तेथेच संपवावा. आली नाही तर ज्यांच्याविषयी काही कारणाने शंका आहे त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे आणि "तू घेतलेस का" असे न विचारता "तुला अडचण कशाची आहे" असे विचारावे. चूक कबूल करणाऱ्याकडून भरपाई करून घ्यावी. पैसे नसतील तर ग्रंथालयाची पुस्तके आवरण्यासारख्या कामातून ती व्हावी, आणि हे काम चारचौघांत शिक्षा म्हणून दाखवू नये.

भांडण झाल्यासही हाच मार्ग उपयोगी पडतो. दोघांनाही वेगवेगळे बसवून काय घडले, त्या वेळी मनात काय होते आणि आता काय व्हायला हवे, अशा तीन ओळी लिहायला लावाव्यात आणि मग एकमेकांचे लिखाण वाचायला द्यावे. लिहिता लिहिताच राग बराच ओसरतो. छडी, अंगठे धरणे, वर्गाबाहेर उभे करणे आणि पालकांच्या व्यवसायावरून टोमणे मारणे यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ म्हणून मनाई केलेली आहे. तो कायदा सहा ते चौदा वयोगटाचा असला, तरी पंधरा वर्षांच्या मुलाला मारण्याची मुभा त्यातून कोणी काढू नये.

चर्चेचा तास

ऑफ तास मिळाला की महिन्यातून दोन वेळा पेचप्रसंगाची चर्चा घ्यावी. प्रसंग मुलांच्या आयुष्यातला आणि खरोखर अवघड असावा. सहामाही परीक्षेत जिवलग मित्र उत्तर दाखव म्हणतो आणि नापास झाला तर वडील त्याची शाळा सोडवून त्याला गॅरेजवर पाठवणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी काय कराल? प्रसंग वाचल्यावर तीन मिनिटे शांतपणे लिहू द्यावे, मग जोडीने बोलू द्यावे आणि त्यानंतरच वर्गासमोर मते मागवावीत. आधी लिहिले नाही तर पहिल्या बाकावरची चार मुले बोलतात आणि बाकीची त्यांना मान डोलावतात. ज्याला मत बदलावेसे वाटले त्याने ते का बदलले, हे सांगण्यास विशेष वेळ द्यावा. शिक्षकाने आपले मत शेवटी सांगावे आणि त्यासाठी दोन मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. उत्तरपत्रिका दाखवायची नाही एवढ्यावर तास संपला तर तो फुकट गेला. मित्राची शाळा सुटू नये म्हणून वर्ग काय करू शकतो, तेथपर्यंत चर्चा पोचली पाहिजे.

बोली, ओव्या आणि वीरगळ

सांस्कृतिक विकास म्हटले की स्नेहसंमेलन आठवते, परंतु सुरुवात मुलाच्या तोंडच्या भाषेपासून करावी. वऱ्हाडातला मुलगा "मले" म्हणतो, खानदेशातला "माले" म्हणतो, मालवणी मुलगी "माका" म्हणते; शहरातल्या शाळेत यावर हशा पिकतो आणि ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. अशा हशाच्या वेळी रागवण्यापेक्षा फळ्यावर हे तिन्ही शब्द "मला" च्या शेजारी लिहावेत आणि घरोघरीचे आणखी शब्द मागवावेत. गोरमाटी, कोरकू, भिली, गोंडी, कोकणी, कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुले वर्गात असतील तर त्यांचा रकाना आधी भरावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; तो साजरा करताना या बोलींना व्यासपीठाच्या खाली बसवले, तर त्या सोहळ्याला अर्थ राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीकडून जात्यावरची एक ओवी ऐकून, ती जशी म्हटली तशीच लिहून आणावी आणि खाली सांगणारीचे नाव लिहावे. मी हा उपक्रम केला तेव्हा एका मुलीच्या आजीने तिला आधी सांगितले की मला काही येत नाही. मग रात्री भाकरी करताना ती आपोआप गुणगुणू लागली आणि नात पिठाच्या हाताने वही शोधत राहिली. त्या पानावरचे पिठाचे ठसे आम्ही तसेच ठेवले.

गावाजवळ बारव (पायऱ्यांची जुनी विहीर), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) किंवा किल्ला असेल तर एक शनिवार तेथे द्यावा. राजगड, रायगड, प्रतापगड यांसह मराठ्यांचे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले; परंतु देवळाच्या आवारातील एखादा वीरगळही तेवढाच शिकवतो. बहुतेक वीरगळांवर खालच्या चौकटीत वीराचे युद्ध आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेत आहेत आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा क्रम असतो. मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगावेत : दगडावर प्रत्यक्ष काय दिसते, आणि गावात त्याविषयी काय सांगतात. गावातल्या कथेचा आदर ठेवूनही ती पुरावा नव्हे, हे या दोन रकान्यांतून मुलाला समजते.

स्नेहसंमेलनाविषयी दोनच गोष्टी सांगतो. भाड्याच्या पोशाखाची अट असलेला कार्यक्रम घेऊ नये, कारण त्या खर्चामुळे काही मुले "मला नाचायला आवडत नाही" असे सांगून बाजूला होतात. आणि पडदा ओढणाऱ्यापासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे नाव व्यासपीठावरून वाचावे. सणांच्या बाबतीत संविधानाचे अनुच्छेद २८ लक्षात ठेवावे : पूर्णपणे शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा, दिवाळी यांची माहिती त्या त्या घरच्या मुलांनी वर्गाला सांगावी. ती सांगण्याची सक्तीही असू नये.

जेथे शिक्षकाने एकट्याने निर्णय घ्यायचा नसतो

विश्वास बसला की मुले मन मोकळे करू लागतात आणि त्यात कधी लैंगिक अत्याचाराची गोष्ट असते. अशा वेळी "हे मी कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. मुलाची उलटतपासणी करू नये. ते जे सांगेल ते शांतपणे ऐकून त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील मुलावरील अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष किशोर पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगावे, परंतु शाळेच्या नावासाठी प्रकरण आपसांत मिटवण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये. मुलाची ओळख इतर शिक्षकांतही पसरू देऊ नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या दाराच्या आतील बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

नववी-दहावीतील मुलगी लग्नसराईच्या तोंडावर अचानक शाळेत येईनाशी झाली तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून थांबू नये. मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण नसताना होणारा विवाह २००६ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे आणि महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. एखाद्या सहकारी शिक्षिकेसह त्याच आठवड्यात घरी जाऊन यावे.

वर्षअखेरीच्या नोंदी

या कामाचे गुण देता येत नाहीत आणि देऊही नयेत, कारण प्रामाणिकपणाला दहापैकी आठ मिळू लागले की मुले आठांसाठी प्रामाणिक दिसू लागतात. पाहिलेला प्रसंग मात्र त्या शंभर पानी वहीत तारखेसह दोन ओळींत लिहावा, जसे की अमुक दिवशी याने पायाला लागलेल्या मित्राचे दप्तर बसथांब्यापर्यंत नेले. आठवीच्या प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंदी याच वहीतून घ्याव्यात, म्हणजे सर्वांना "आज्ञाधारक आहे" असे एकच वाक्य लिहावे लागत नाही. एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकाकडे माहिती सोपवताना मुलाला काय जमते, त्याच्या घरची अडचण काय आणि त्याला कोणाची सोबत हवी, एवढेच सांगावे. ज्या चुकांची भरपाई झाली आहे त्यांच्या नोंदी वहीतून खोडून टाकाव्यात आणि त्या मुलांची नावे शिक्षककक्षातही घेऊ नयेत.